परण्याला निघालेलं रोटरी इंजिन

त्या गाडीची माझी पहिली आठवण वासाची आहे. हैदराबादच्या एका बंगल्यामागे, आंब्याखाली, ती जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होती. दार उघडलं आणि उंदरांच्या मुताचा असा भपकारा आला की मी मागे सरलो. सीटच्या फोममध्ये उंदरांनी पिल्लं घातलेली होती. एअर फिल्टरच्या डब्यात एक उंदीर वाळून पापड झाला होता. परदेशातून परतताना ती गाडी सोबत आणणारे म्हातारे मालक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इंजन एकदम अच्छा है, साब."

तरी मी ती घेतली, कारण बॉनेटखाली रोटरी इंजिन होतं.

मी हिंगोलीला तंत्रनिकेतनात शिकवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. शिकत असताना पुस्तकाच्या एका पानावर हे इंजिन पाहिलं होतं. त्यात पिस्टन नाही, वर-खाली हलणारं काही नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गोल फिरतो, आणि त्याच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या बारीक पट्ट्या भिंतीला घासत पेट्रोलचा वायू कोंडून धरतात. आमचे सर म्हणाले होते, "हे परीक्षेला येत नाही, सोडा." मला ते सोडता आलं नाही.

मला तिथवर पोचवलं ते माझ्या मोठ्या भावानं. डोंगरकडा या आमच्या गावी केळीची थोडी बाग आहे. दादा शाळा सोडून दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये केळीचे घड भरायला जायचा, म्हणून मी अभियांत्रिकीला जाऊ शकलो. त्याच्या खांद्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग मी लहानपणापासून पाहत आलो. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि माझ्याकडे कधी काही मागितलंही नाही.

गाडी हिंगोलीला आणल्यावर खरी किळस सुरू झाली. रोटरी इंजिन मुळातच थोडं ऑईल जाळतं. त्या टोकांच्या पट्ट्यांना ते लागतं. ऑईल सारखं तपासायचं आणि वरून घालायचं, एवढाच नियम. पण ओळखीच्या मेकॅनिकनं डिपस्टिक पाहिली आणि मान हलवली.

"सर, हे ऑईल पिऊन राहिलं. रिंगा गेल्या याच्या."

"याला रिंगा नसतात."

"मग पिस्टन बदलू."

"पिस्टन पण नसतो."

तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला. "मग सर, तुमी ही माझ्याकडं आणली काहून?"

मी चहाला गेलो तेवढ्यात त्यानं मायेनं ट्रॅक्टरचं जाड ऑईल ओतून ठेवलं. ते काळं चिकट ऑईल काढताना कोपरापर्यंत हात बरबटले. जेवताना बोटांना वास यायचा. त्या दिवसापासून मी गाडीला दुसऱ्याचा हात लावू दिला नाही.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. थंड इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. तसं केलं की न जळलेलं पेट्रोल आत साचतं, पट्ट्यांवरचं ऑईल धुऊन काढतं, वायू कोंडला जात नाही आणि इंजिन परत चालू होत नाही. तसंच रेटत राहिलं तर पट्ट्या झिजतात आणि इंजिन कायमचं जातं. त्याचे सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत. म्हणून चालू केलं की तापमानाचा काटा वर येईपर्यंत चालू ठेवायचं. मी हे प्रत्येकाला सांगायचो. प्रत्येक जण "व्हय, व्हय" म्हणायचा आणि मी किल्ली फिरवली की म्हणायचा, "आवाज ऐकला, बस झालं. बंद करा, पेट्रोल काहून जाळता?"

असं मी ते इंजिन जपत आलो होतो. मग दादाच्या पोरीचं लग्न ठरलं.

दादा स्वतः हिंगोलीला आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झालं. मग म्हणाला, "मास्तर, एक बोलू का? नवरदेवाचा मामा म्हणून राहिला की परण्याला तुमच्या भावाची ती बसकी गाडी पाहिजे. मी व्हय म्हणून बसलो."

परण्या म्हणजे लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. भर उन्हात, बैलाच्या चालीनं, थांबत थांबत. त्या इंजिनाला याहून वाईट काही नव्हतं, आणि त्या माणसाला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. मी म्हणालो, "घेऊन येतो."

गावात वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशापुढे गाडी लावली तेव्हा इंजिन पुन्हा थंड झालेलं होतं. बायका ताट घेऊन उभ्या होत्या. चाकाखाली लिंबू ठेवलं. मामा म्हणाला, "करा चालू." मी चालू केली, लिंबू चिरडलं. "आता बंद करा, ओवाळायचंय. चालू गाडीला ओवाळतेत व्हय?" मी सांगून पाहिलं. मामानं खिडकीतून हात घालून स्वतःच किल्ली फिरवली. ओवाळून झालं, चालू. फोटोवाला ओरडला, "आवाजानं व्हिडिओ खराब व्हतो," परत बंद. नारळ फोडायला परत चालू, परत बंद. नारळ बंपरवरच आपटला. गोड पाणी जाळीतून आत ठिबकत राहिलं.

नवरदेव माझ्या शेजारी बसला आणि मिरवणूक निघाली. डीजेच्या दणक्यानं काचा थरथरत होत्या. पोरांनी फेसाचे डबे फवारले, त्यावर गुलाल उधळला, आणि बॉनेटवर गुलाबी लगदा झाला. दोघं जण बॉनेटवर चढून नाचले. घामाचा, गुटख्याचा, गरम पेट्रोलचा वास एकत्र होऊन गाडीत कोंडला. मारुतीचा पार दिसू लागला आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं. मी किल्ली फिरवली. नुसता पोकळ घरघराट.

"सायबाची गाडी फुस्स!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे खिदळत ढकलू लागले. नवरदेवही हसत होता. मामा माझ्या दाराशी चालत होता. त्यानं मान वळवली आणि तोंडातली पिंक टाकली. ती जमिनीवर पडली नाही. दारावरून लाल ओघळ उतरला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "धुतल्यावर जातंय." पुढून दादा मागे वळून पाहत होता. मी तोंड मिटून स्टिअरिंग धरून बसलो.

लग्न लागलं. पंगती बसल्या. मी गाडी केळीच्या शेडमध्ये ढकलत नेली आणि स्पार्क प्लग काढायला घेतले. प्लग पेट्रोलनं ओलेचिंब होते. गुलाल नखांत शिरला होता. दादा आला तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठी ताट होतं. त्यानं ते बाजूला ठेवलं, खांद्यावरची नवी दस्ती काढली आणि दारावरचा वाळलेला लाल ओघळ पुसू लागला.

"दादा, राहू दे. घाण आहे ती."

"घाण हाय म्हणूनच." तो पुसत राहिला. "मघाशी बोलला काहून न्हाईस?"

"तू शब्द दिला होतास."

"मी परण्याचा शब्द दिला. थुकायचा न्हाई."

मी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, स्टार्टर फिरवून आतलं पेट्रोल बाहेर उडवलं, प्लगच्या भोकांतून थोडं ऑईल घातलं, आणि सगळं परत जागेवर बसवलं. दादाला म्हणालो, "फिरव." तो बसला. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं, आणि मग पांढऱ्या धुराचा लोट शेडभर पसरला. आवाज पूर्वीसारखा नव्हता. एक ठोका सारखा अडखळत होता. पण चालू होतं.

धूर पाहून मामा आला. "जमलं वाटतं! मंग पोरीची सासरी वाटेलावणी याच्यातच करू. आता करा बंद, किती धूर होऊन राहिला." आणि सवयीनं त्यानं खिडकीतून हात घातला.

दादानं किल्लीवर स्वतःचा तळवा ठेवला. "न्हाई, पाव्हणं. गरम होऊ द्या."

"अहो, पण..."

"पोरगी जीपमधी जाईल. ही गाडी आज कुठंच जाणार न्हाई."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मग दादाच्या हाताकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन थुंकला. दादा खोकत तसाच बसून राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की पोरगी जाणार म्हणून, मी विचारलं नाही. "काटा कुठवर यायला पाहिजे?" त्यानं विचारलं. मी काट्याच्या काचेवर गुलालानं भरलेलं बोट टेकवून जागा दाखवली.