त्याला कळलंय का?

मीनाताई कारखानीस यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या बातम्या पुरवणारं आमचं आयर्लंडमधल्या सँडीफोर्डचं छोटंसं डेस्क, ताई त्याच्या प्रमुख, आणि माझा तिथला पहिलाच आठवडा. एक खमंग बातमी मी पाठवणार, तेवढ्यात मागून प्रश्न आला, "त्याला कळलंय का?"

"कोणाला?"

"ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला."

मी नागपूरचा. डोकं तापायला वेळ लागत नाही. "ताई, आपण बातम्या देतो, निरोप नाही पोचवत," असं फाडकन बोलून बसलो. ताई नुसत्या हसल्या आणि बातमी अडवून धरली. म्हटलं, बाप्पा, ह्या बाईंशी आपलं काही जमायचं नाही!

ज्यांना या खेळाचा गंध नाही, म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या जवळजवळ सगळ्यांसाठी, थोडं सांगतो. हिवाळ्यात बेसबॉलचे सामने बंद असतात, पण बाजार जोरात असतो. कुणी नव्या संघाशी करार करतो, तर कुणाची दोन संघ आपसांत अदलाबदल करून टाकतात. या अदलाबदलीला ट्रेड म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यात खेळाडूला कुणी विचारतही नाही. सकाळी एका शहराचा असलेला माणूस संध्याकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाचा होतो. बायको, पोरं, शाळा, सगळं उचलून न्यायचं.

यजमानांच्या नोकरीमुळे ताई डिपेंडंट व्हिसावर इथे आल्या. पुण्यात त्यांनी वर्तमानपत्राचं क्रीडा पान सांभाळलेलं, पण बेसबॉल त्या इथे शून्यापासून शिकल्या आणि त्याला आपली भाषा देऊन मोकळ्या झाल्या. नुसती कुजबुज असेल तर "स्थळ आलंय". पैशांची घासाघीस सुरू असेल तर "बैठक चालू आहे". खेळाडूची वैद्यकीय तपासणी पार पडली की "याद्या झाल्या, छापा". डेस्कवरची आयरिश मंडळीसुद्धा "बैठक" म्हणायला शिकली होती. मी घर शोधत होतो तेव्हा ताई माझ्याबरोबर भर पावसात नास गावात घर बघायला लागलेल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि घरमालकाला म्हणाल्या, "ही इज अ बिट लाऊड, बट ग्रँड." म्हणजे आवाज जरा मोठा, पण माणूस चांगला. घर मिळालं. माझी याहून अचूक ओळख आजवर कुणी करून दिलेली नाही.

आता त्या डिसेंबरविषयी. आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा, एका अमेरिकन साइटचा, करार संपत आला होता. बातमीला पुन्हा उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. काम गेलं की माझी नोकरी गेली, आणि माझं इथलं कामाचं परमिट त्या नोकरीला बांधलेलं. घरी सुनीता, माझी बायको, नववा महिना भरत आलेला. तिला सोबत म्हणून आई नागपूरहून आलेली. माझी झोप उडाली होती, हे सांगायला नकोच.

अशातच एका संध्याकाळी, तिकडे अजून सकाळ होती, एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, ट्रेडची बातमी माझ्या हाती लागली. दोन खात्रीचे लोक सांगत होते. ताईंचा प्रश्न ठरलेलाच. खेळाडूच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "तो मुलीच्या शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमाला बसलाय, फोन बंद आहे. बाहेर आला की त्याचा संघच त्याला सांगणार आहे. तेवढं थांबा."

"थांबायचं," ताई म्हणाल्या.

"ताई, दुसरे छापतील!"

"त्या हॉलमधल्या सगळ्या आईबापांच्या हातात फोन आहेत. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला त्याच्याआधी कळेल. पोरगी स्टेजवर असताना!"

गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत होते. ताई शांतपणे "अजून नाही" म्हणत होत्या, पण हातातल्या पेनाचं टोपण एकसारखं काढत-लावत होत्या. मी येरझाऱ्या घालत होतो. पाठवायचं बटण माझ्याच स्क्रीनवर होतं आणि बोट शिवशिवत होतं. आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या साइटने बातमी फोडली.

"झालं समाधान?" मी ओरडलोच. "त्याला कळायचं ते कळलंच ना?"

"आपल्याकडून नाही कळलं."

"काय फरक पडला त्याने?"

"मलाही माहीत नाही," ताई म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला उठल्या.

यथावकाश आम्हाला मुलगी झाली. मी रजेवर होतो. बाराव्या दिवशी नासला घरीच बारसं ठेवलं, पाहुणे संध्याकाळी यायचे होते. भर दुपारी बेल वाजली. आतून आईने विचारलं, "कोण आलं व माय, इतक्या लवकर?" दारात मीनाताई उभ्या. लुआस ट्राम, मग बस, असं करत एकट्या आलेल्या, हातात अळिवाच्या लाडवांचा डबा. मला म्हणाल्या, "जरा मागच्या बागेत या."

बागेत त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "करार गेला. डेस्क बंद होतंय. पाच वाजता सगळ्यांना मेल येईल. तुमची नोकरी गेली आहे, आणि माझीही."

माझं तोंडच सुटलं. काय काय बोललो, ते मंडळाच्या या अंकात छापण्यासारखं नाही. त्या एका संध्याकाळने माझ्या लेकराच्या तोंडचा घास घेतला, इथपर्यंत गेलो. ताई ऐकत राहिल्या. "चिडा," त्या म्हणाल्या. "इथे हवं तेवढं चिडा. आत, तिच्यासमोर नको. आणि परमिटचं मी विचारून आलेय. नवी नोकरी शोधायला मुदत मिळते. उद्यापासून आपण दोघं मिळून शोधू."

"हे सांगायला इतक्या लांब आलात?"

"पाच वाजता तुमच्या मांडीवर बाळ असेल आणि घरभर माणसं. त्या मेलमधून कळायला नको होतं."

मी आत गेलो. सुनीता स्वयंपाकघरात प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, वाट्या काढत होती. तिला मीच सांगितलं, माझ्या शब्दांत, तिचा हात धरून. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आधी नाव ठेवू पोरीचं. मग बघू." पाच वाजता, पोरीचं नाव अन्वी ठेवून पाळणा म्हणत असताना खिशात फोन थरथरला. मी तो बाहेरसुद्धा काढला नाही. काय फरक पडतो, ते मला तेव्हा कळलं.

नोकरी मिळाली, बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात. माझा अर्ज ताईंनी स्वतःच्या अर्जाआधी दुरुस्त करून दिला होता.

आता अंकाच्या समितीची माफी मागतो. हा अंक ताईंना साठीच्या समारंभात अचानक द्यायचा, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. माझ्याच्याने राहवलं नाही. लिहायला बसण्याआधी ताईंना फोन केला. "ताई, तुमच्या साठीनिमित्त आम्ही लिहितोय. तुम्हाला आधी कळायला हवं."

पलीकडून ओला आवाज आला, "बरं केलंत. छापा."

तेव्हा माझ्या शुभेच्छाही आताच देऊन टाकतो, म्हटलं. "ठणठणीत राहा, चांगल्या शंभरी गाठा. आमच्या अन्वीच्या लग्नाची बैठक तुम्हीच चालवायची आहे, हे आजच ठरलं."

ताई लगेच म्हणाल्या, "तिला कळलंय का?"