कोपऱ्यावरचं दुकान

"कोपऱ्यावरनं मटण आणायचं न्हाई," राजारामपुरीतल्या खोलीत सामान लावतानाच नवऱ्यानं मला बजावलं. ट्रंक अजून उघडलीही नव्हती. कारण विचारलं तर म्हणाला, "त्यो खाटीक गडमुडशिंगीचा हाय. आमच्या गावचा. त्यानं मला वळखलं की संपलंच."

संपलंच म्हणजे खोली गेली. लग्नानंतरच्या सहा महिन्यांत दोन ठिकाणी आमचं भाडं ठरून मोडलं होतं. आम्ही बौद्ध आहोत हे मालकांना कुठून तरी कळलं होतं. एकानं गावाकडून पुतण्या येणार असल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. गोष्ट सत्तरच्या दशकातली. शिकल्यासवरल्या वस्तीत जात कुणी तोंडावर विचारत नसे. गाव विचारत, पाहुणे कुठले विचारत, आणि रविवारी मटण कुठून आणता हेही विचारत. आमचं आडनाव मराठ्यांत आणि बौद्धांत, दोन्हीकडे चालणारं. माझं माहेर लांब चंदगडकडं. नव्या मालकीणबाईंना आम्ही तेवढंच सांगितलं होतं. आपण खोटं काही बोललो नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण माझी शाळा पाच मिनिटांवर होती आणि नळ दारात होता, म्हणून मीही तोंड मिटून बसले.

खाटीक मला ओळखत नव्हता. पण नवं गिऱ्हाईक दिसलं की तो गावापासून चौकशी सुरू करतो, अशी त्याची ख्याती. म्हणून दर रविवारी पिशवी घेऊन मी पार स्टेशनपलीकडच्या दुकानात जायची. नवरा तर ऑफिसला जातानाही कोपरा टाळून मागच्या बोळानं जाई. स्टेशनपलीकडचा दुकानदार माझ्या गळ्यात हमखास म्हाताऱ्या बोकडाचं मटण मारी. ते शिजता शिजत नसे. कच्च्या पपईचा तुकडा घालून तासभर, तो नसला तर दोन तास स्टो चालू, आणि रॉकेल रेशनचं.

आमचं बिंग फुटायची वेळ त्या स्टोनंच आणली.

"बाई, दोन तास झालं तुमचा स्टो भणभणतोय," मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या. "दगड शिजवतायसा व्हय? दारातलं दुकान सोडून लांब कशाला जातायसा?"

"ओळखीचं आहे ते," मी म्हणाले.

"वळखीचा आसून आसलं चिवट देतोय?"

मी स्टोला पंप मारायला घेतला. पुढच्या रविवारी नवरा रॉकेलच्या रांगेत गेला होता, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. "चला, आज माझ्यासंगं." नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि कारणं संपली होती.

दुकानापुढं सात-आठ बायाबापड्या उभ्या होत्या. मालकीणबाईंनी मला पुढं केलं. "ह्या आमच्या भाडेकरू. शाळेत बाई हाईत. आपल्यातल्याच हाईत."

'आपल्यातल्याच' हा शब्द त्यांनी जरा मोठ्यानं म्हटला, रांगेला ऐकू जाईल असा. आता बोल, असं मी स्वतःला म्हणाले, आणि टांगलेल्या बोकडांकडं बघत राहिले. मला माझीच लाज वाटली.

एवढ्यात रॉकेलचा डबा घेऊन नवरा चौकात आला. मला त्या रांगेत बघून त्याचा धीर सुटला असावा. मला परत न्यायला म्हणून तो धावतच दुकानापाशी आला, आणि खाटकाचा सुरा थांबला.

"आरं, तू? लेका, एका वर्गात हुतो की आपण! कुठं आसतोस? तू त्या बौद्धवाड्या..."

त्याची जीभ तिथंच अडखळली. त्यानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ते पांढरंफटक पडलं होतं. मग मालकीणबाईंकडं पाहिलं. माणूस हुशार होता, सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"न्हाय, न्हाय, घोटाळा झाला माझा," तो म्हणाला. "त्यो दुसरा. पावणं, तुमी व्हा म्होरं."

पावणं! एका बाकावर बसलेल्या दोस्ताला त्यानं आम्हाला वाचवण्यासाठी परका करून टाकलं. आणि माझा नवरा मान हलवून म्हणाला, "व्हय, दुसरा आसंल."

तिथं माझं टाळकं सरकलं.

"घोटाळा झालेला नाही," मी म्हणाले. "हे गडमुडशिंगीचेच आहेत, तुमच्याच वर्गातले. आम्ही बौद्ध आहोत."

माझ्या दंडावरचा मालकीणबाईंचा हात निघाला. खाटकानं सुरा पुसला आणि विचारलं, "किती देऊ, वैनी?"

"अर्धा किलो."

मालकीणबाई काही न घेताच घरी गेल्या.

"तुझ्या जिभंला हाड न्हाई," खोलीत आल्यावर नवरा म्हणाला. ते मटण पाऊण तासात लोण्यासारखं शिजलं, आणि दोघांपैकी कुणालाच घास गेला नाही. त्यानं त्याच दुपारी ट्रंक भरून दाराशी ठेवली. आठवडाभर बाहेर पाऊल वाजलं की आम्ही एकमेकांकडं बघायचो. शाळेत फळ्यावर लिहितानाही मी नवी खोली शोधत असे. मालकीणबाई बोलायच्या बंद झाल्या होत्या, पण खोली सोडा असं काही म्हणाल्या नाहीत. ते त्या कधीच म्हणाल्या नाहीत. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी आम्ही दोघं समोरच्या रस्त्यानं कोपऱ्यावर गेलो. नवऱ्याचे पाय जड झाले होते, पण आला. खाटकानं त्याला 'आरंतुरं' केलं तेव्हा मला रडू आलं.

"तुमच्या मालकीणबाई आल्या न्हाईत आज," खाटीक म्हणाला.

परत येताना त्या फाटकाशी भेटल्या. स्टेशनच्या बाजूनं चालत आलेल्या, घामानं निथळलेल्या, पिशवी पदराखाली झाकलेली. मी चार महिने झाकायचे, तशीच. ज्या रांगेपुढं त्यांनी आम्हाला आपल्यातलं म्हटलं होतं, त्या रांगेत आता त्यांना उभं राहवत नव्हतं. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

बारा वाजता त्यांचा स्टो पेटला. एक वाजून गेला तरी भणभणतच होता. शेवटी मी घरातला पपईचा तुकडा उचलला आणि त्यांच्या दारात गेले.

"काकी, हा घाला. तिकडचं मटण याशिवाय शिजत नाही. मला सवय आहे."

त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या. घ्यायला काही पुढं आल्या नाहीत. तुकडा उंबऱ्यावर ठेवून मी परत आले.

अडीच वाजेपर्यंत त्यांचा स्टो चालू होता.