तळाचा कापूस

वणीच्या कापूस बाजारात तो मालाची प्रत तपासायचा. नाव मी कधी विचारलं नाही. कापसाने भरलेली बैलबंडी समोर आली की बाही खांद्यापर्यंत गुंडाळायचा आणि हात पार तळापर्यंत खुपसून मूठभर कापूस बाहेर काढायचा.

"वरूनच पाह्य ना भाऊ, चांदीवानी आहे!" बंडीवाला म्हणायचा.

"वरून साऱ्याइचाच चांदीवानी राह्यते. तू कायले घाबरून राह्यला?" तो हसायचा.

फाटकाजवळच्या टपरीवर मी रोज पेपर वाचत बसे. माझा धाकटा भाऊ इराकच्या लढाईत मारला गेला. सैनिक नव्हता, तिथे ट्रक चालवायचा. इराकने लपवल्याचं सांगून अमेरिकेने ज्या घातक शस्त्रांसाठी ती लढाई केली ती सापडली, तर निदान तो कशापायी गेला ते कळेल, असं मला वाटायचं.

एकदा तो प्रत तपासणारा चहाला शेजारी येऊन बसला. "काय म्हणते पेपर, गुरुजी?"

"अमेरिकेतले काही सरकारी लोक म्हणतात, इराणही तशीच शस्त्रं बनवतोय. त्याने काही करण्याआधी आपणच हल्ला करावा."

"मांगच्या बारीलेबी इराकचं हेच सांगत होते ना? मंग सापडलं का तिथं काही?"

माझ्या भावाचं त्याला ठाऊक नव्हतं. बशीतला चहा फुंकत तो उत्तराची वाट पाहत राहिला. घरी कोणी हेच विचारलं, की मी 'शोध चालू आहे' म्हणत असे.

"नाही," मी म्हणालो.

भाऊ गेल्याचं मी केव्हाच मान्य केलं होतं. तो उगाच गेला, हे त्या एका शब्दात पहिल्यांदा बोललो.