विहिरीवरच्या पेटीतला प्रोग्राम

दादा गेल्यावर मोसंबीच्या बागेचं पाणी वहिनीकडे आलं. विहिरीवरच्या पेटीत दादाने तळहाताएवढा एक बोर्ड बसवला होता. बागेच्या कोणत्या भागात कधी पाणी सोडायचं, हे त्यावरचा त्याने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा. दादा लॅपटॉप जोडून, काळ्या पडद्यावर टाइप करून त्याला हुकूम देत असे. वहिनीकडे फक्त मोबाइल.

"ताण तोडायच्या आत मोबाइलवरून चालवायचं जमलं तर बराबर," ती म्हणाली, "न्हाई तर वायरमनला बोलावते. पेटी काढून साधं स्टार्टर लावू."

भरपूर फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी काही दिवस बंद ठेवतात, तो ताण. तो संपत आला होता. पेटी निघाली असती तर दादाच्या हातचं, अजून चालणारं असं शेतात काही उरलं नसतं.

त्याच्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, एवढं मी ठरवलं. मोबाइलवर उघडेल असं एक वेब पान केलं आणि मधे दुवा म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. पानावरचं बटण दाबलं की दुव्याने हुकूम दादाच्या प्रोग्रामपर्यंत न्यायचा आणि त्याचं उत्तर परत आणायचं.

बटण दाबलं. 'चूक.' बागेच्या दुसऱ्या भागाचं दाबलं. 'चूक.' बोर्डाला जोडलेली केबल बदलली, दुवा नव्याने लिहिला. तेच.

मग लक्षात आलं, 'चूक' हा शब्द माझाच होता. दादाच्या प्रोग्रामने 'ठीक' सोडून काहीही म्हटलं तरी माझं पान तेवढंच दाखवत होतं. त्याचं उत्तर जसंच्या तसं उमटेल असं केलं आणि वहिनीसमोर बटण दाबलं. रोमन अक्षरांत ओळ आली: ताण चालू, पाणी नाही.

वहिनी हसली. "ताणात पाणी मागून राह्यले व्हय भावजी? ते असते तर तुमाला बागेतून हाकललं असतं."

"हाकललंच की," मी म्हणालो.

म्हणजे दुवा पहिल्यापासून चालत होता. गुरांच्या हौदाला ताण नसतो, म्हणून त्याचं बटण दाबलं. मोटर घुमली. नळीतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. वहिनीने माझ्या हातातून मोबाइल घेऊन ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग वायरमनला फोन लावून येऊ नका म्हणाली.

मी हौदाच्या कठड्यावर बसलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.