बाबांच्या बाजूची पायरी

बोर्लीच्या त्या मिस्त्रींना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून "बोलतीय, बोलतीय" असं पुटपुटायचं, ही त्यांची तपासणी.

माझी छोटी फोर-बाय-फोर डोंगरातल्या वाटांसाठी उंच करायला मी त्यांच्याकडे दिली होती. नव्या स्प्रिंगा, मोठे टायर. गाडी झकास दिसत होती. घ्यायला गेलो तेव्हा बाबा सोबत होते. त्यांनी चढायला पाय उचलला, पण तो पोचेना. दुसऱ्यांदाही जमलं नाही, तसे ते हसले. "तू जा रे, मी एसटीनं येतो."

मिस्त्रींनी माझ्या हातातली चावी काढून घेतली. "गाडी आता न्हाय मिळनार."

"अहो, उद्या पहाटे मित्रांबरोबर निघायचंय!" मी चिडलो.

"मग थांबा हितंच."

ते बाबांसमोर उकिडवे बसले. "पाय उचला बाबा. दुखंल तिथं सांगा." तेवढ्या उंचीवर खडूची खूण करून त्यांनी जाड पाइपाची पायरी वेल्ड केली.

"ही दगडांना घासेल," मी म्हणालो.

"घासू दे की."

संध्याकाळी आम्ही श्रीवर्धनला घरी निघालो. उंच सीटवरून वाड्यांच्या दगडी गडग्यांपलीकडचं बाबांना जन्मात पहिल्यांदा दिसत होतं. "अरे, इथं विहीर आहे होय!"

आता बाबा नाहीत. मिस्त्रीही गॅरेज बंद करून लेकीकडे गेले. त्या रस्त्यानं जाताना गाडी हळू करून मी ती विहीर बघतो.