नट आवळून झाले होते

काकीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. "काका गेला रे तुझा," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत घाईघाईने पुढे म्हणाली, "दुकानातच गेला. पण नट आवळून झाले होते. त्या गाडीवाल्याचे सगळे नट आवळून झाले होते..." मग तिला रडू फुटलं. माझ्या बायकोला वाटलं, धक्क्याने काकी काहीतरी बरळते आहे. मला तसं वाटलं नाही. सदाकाकाबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट तीच होती.

सदाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. चिंचपोकळीच्या पुलाजवळ त्याचं मोटारींच्या टायरचं दुकान आणि लालबागच्या चाळीत एक खोली. बारावीनंतर कणकवलीहून मी मुंबईला आलो तो त्याच खोलीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मी शिकलो तो या माणसामुळे, हे मी कितीदा लिहिलं तरी कमीच पडेल. पण तो मायाळू वगैरे होता असं लिहिलं तर चाळीतले लोक हसतील. काका मारायचा. गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, पार्किंगवरून, पाण्यावरून त्याची मारामारी व्हायची. त्याचा जबडा डावीकडे वाकडा होता आणि डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे, त्यामुळे तो बोलायचाही ओरडूनच. लोक त्याला 'सद्या पाना' म्हणत, कारण नट आवळायचा लांब दांड्याचा पाना सदैव त्याच्या हातात. पाठीमागे म्हणत अर्थात.

एक शब्द मात्र दुकानात उच्चारायची सोय नव्हती. तो म्हणजे 'नंतर'. नवीन टायर घालायला आलेला माणूस बहुधा घाईत असतो. टायर रिमवर चढला, हवा भरली, की त्याला वाटतं झालं काम. मग चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवायचं, जिथे हलकं आहे तिथे शिशाचा तुकडा हातोडीने ठोकायचा, पुन्हा फिरवायचं, हे त्याला उगाच लांबण वाटतं. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले, "बॅलन्सिंग राहू दे हो, नंतर करून घेईन कुठेतरी." काकाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग खाली बसून नव्याकोऱ्या टायरचा व्हॉल्व्ह काढला. सुंऽऽ करून सगळी हवा गेली. "आता जा. नंतर ये," तो म्हणाला. गृहस्थांनी कॉलर धरली आणि पुढच्या क्षणी ते टायरांच्या चळतीवर उताणे पडले होते. काकाने त्यांना उठवलं, चहा मागवला, चाकं नीट बॅलन्स केली आणि सबंध वेळ त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू ठेवला. पुढे ते गृहस्थ कायमचे गिऱ्हाईक झाले, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

मला त्याने खूपदा मारलं, पण लक्षात राहिली ती एकच थप्पड. बी.ए.चा निकाल लागला, मला फर्स्ट क्लास मिळाला होता. मी परळवरून धावत दुकानात शिरलो आणि ओरडलो, "काका, पास झालो! पहिल्या वर्गात!" तो गाडीच्या चाकाशी बसून नट आवळत होता. उठला आणि असा हात फिरवला की मी शटरवर जाऊन आदळलो. कानात शिट्टी वाजायला लागली, ओठातून रक्त आलं. "पानो हातात आसताना माझ्याशी बोलूचा नाय! गप रव!" तो पुन्हा खाली बसला. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा... सगळे झाल्यावर प्रत्येकावर पुन्हा एकदा जोर दिला. मग पाना खिळ्याला टांगला, हात पुसले आणि विचारलं, "काय म्हणत होतंस झिला?" मी सांगितलं. त्याने मला छातीशी धरलं ते इतकं घट्ट, की मला श्वास घेता येईना. त्याच्या बनियनला ग्रीसचा वास होता आणि तो हुंदके देत होता. संध्याकाळी साऱ्या चाळीत पेढे वाटताना तो सांगत होता, "आमचो बी. ए." माझा सुजलेला गाल पाहून लोक समजायचे ते समजले.

त्या थपडेमागचं कारण मला चाळीतल्यांनीच सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीने. बबन सावंत हा काकाचा लहानपणचा दोस्त, एकाच गावचे, एकाच चाळीतले. मी मुंबईत यायच्या आधीची गोष्ट. बबनकाकांनी जुनी मोटार घेतली होती आणि गणपतीला बायकोसह गावी न्यायची म्हणून काकाकडे चारही टायर नवे घातले. चाकं बॅलन्स करून लावली. मागच्या डाव्या चाकाचे नट हाताने फिरवून बसवले होते, पाना फिरायचा बाकी होता, तेवढ्यात रस्त्यावरून एका मंडळाच्या गणपतीच्या आगमनाची मिरवणूक आली. ढोल, ताशे, गुलाल. आमच्या भागात ढोल वाजला की हातातलं काम हातात राहत नाही. सगळे बाहेर धावले. परत आल्यावर जॅक उतरवला, गाडी गेली. वडखळच्या पुढे चाक निघालं. गाडी झाडावर आदळली. त्यांची बायको, शेवंताकाकी, जागच्या जागी गेल्या, बबनकाकांचा हात मोडला. "सद्याला नाचायची हौस," चाळीतले लोक शेवटी एवढंच म्हणायचे.

बबनकाकांनी पोलिसात तक्रार केली नाही. हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी ते दुकानात आले, खिळ्यावरचा तोच पाना उचलला आणि काकाला मारलं. जबडा मोडला, कान गेला, तरी ते मारत राहिले. काकी सांगते, शेवटी चार माणसांनी त्यांना ओढून काढलं. ज्याचा हात कुणावरही उठायचा, त्या काकाने त्या दिवशी हात उचललाच नाही. हॉस्पिटलात पोलीस आले तर मोडक्या तोंडाने म्हणाला, हवा भरताना चाकाची रिंग उडून लागली.

पुढचं मी स्वतः पाहिलं आहे. दर वर्षी गणपतीआधी बबनकाका आपली गाडी घेऊन काकाकडेच यायचे. एक अक्षर बोलायचे नाहीत. काका टायर तपासायचा, बदलायचा, बॅलन्स करायचा, नट आवळायचा आणि बाजूला व्हायचा. मग बबनकाका पाना घेऊन एकेक नट स्वतः ओढून बघायचे, साऱ्या दुकानासमोर. काका मान खाली घालून उभा. मला ते पाहवत नसे. एकदा मी चिडून म्हटलं, "तू सगळ्या दुनियेला मारतोस, यांना एक शब्द बोलत नाहीस?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बसते कानाखाली. पण तो हळू आवाजात, त्याला जमेल तेवढ्या हळू, म्हणाला, "तेचो हक्क आसा तो."

आणखी एक दिवस विसरता येत नाही. असंच आगमन होतं आणि दुकानासमोर एक गाडी जॅकवर होती. मंडळाचे कार्यकर्ते आले, म्हणाले, "गाडी हटवा, राजा येतोय." काका म्हणाला, "चाक लावतो, मग हटवतो." ते गाडीला हात घालून ढकलायला लागले. काकाने पाना फिरवला, एकाचं मनगट फुटलं. मग दहा जण त्याच्यावर तुटून पडले. बांबूचा तडाखा कपाळावर बसला, भुवई उघडी पडली. मी मध्ये पडलो तर मलाही लाथा बसल्या. गर्दी पांगल्यावर पाहिलं, तर काका रस्त्यावर मांडी घालून बसला होता आणि नट आवळत होता. रक्त पापणीवरून गळून रिमवर पडत होतं. मी फडकं पुढे केलं. "गप रव," तो म्हणाला. शेवटचा नट ओढल्यावरच तो आडवा झाला.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी काकीला दुकानाच्या आवराआवरीत मदत करायला मी गेलो होतो. इतकी वर्षं काकाबरोबर काम केलेला सलीम एकटाच कामं उरकत होता. तेवढ्यात बबनकाकांची गाडी समोर थांबली. खूप थकलेले दिसत होते. टायर नवे घालायचे होते. सलीमने चढवले, बॅलन्स केले, चाकं लावली आणि हवेच्या गनने नट बसवायला निघाला, तर बबनकाका म्हणाले, "थांब. त्याचा पाना दे." सलीमने खिळ्यावरून काढून दिला. ते गुडघे टेकून चाकाशी बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"बी. ए., तुला काय सांगितलं होतं त्याने? ढोल वाजला नि तो पळाला?"

"तो कधीच काही बोलला नाही," मी म्हटलं. "चाळीतले लोक सांगतात."

"चाळ काय सांगते मला माहीत आहे. तो उठत नव्हता. 'आवळून येतो' म्हणत होता. पाना मी हिसकावला त्याच्या हातातून. म्हटलं, चल रे सद्या, नंतर आवळ..." त्यांनी पाना नटावर बसवला. "मी त्याचा जबडा फोडला तेव्हासुद्धा बोलला नाय भडवा. एकदा तरी म्हणायचं, तूच ओढून नेलंस. मी दर वर्षी यायचो. म्हटलं, आज तरी शिवी घालेल, आज तरी मारेल मला..."

मागे काकी उभी होती. तिच्या हातात चहाचा कप होता. तिलाही हे आजच कळत होतं.

पुलाच्या बाजूने ढोल ऐकू येऊ लागला. कुठल्यातरी मंडळाचं आगमन निघालं होतं. बघता बघता आवाज दारापर्यंत आला, जमीन हादरायला लागली, गुलाल उडून उंबऱ्यावर पडला. बबनकाका नट आवळत होते. एक, मग त्याच्या समोरचा... त्यांच्या हाताच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. मला त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. मी जवळ जाऊन तोंड उघडलं.

"गप रव!" ते ओरडले. अगदी काकासारखे.

मी मागे सरलो. ढोल दारावरून पुढे निघून गेला. आम्हा चौघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.