नवऱ्याचं सूत्र, सासूबाईंचा चहा

पत्रकाराशी लग्न केलं की घरात बातम्या साठतील, असं वाटलं होतं. साठले ते किस्से! कारण आमच्या रत्नागिरीत एक वेळ बातमी लपेल, ती देणारा लपत नाही.

नवरा इथल्याच एका दैनिकात वार्ताहर. एका बोटीवर बंदी असलेले दिवे लावून मासेमारी चालते, हे त्याच बोटीवरच्या खलाशाने त्याला सांगितलं. नाव फुटलं तर बंदरावरचा एकही मालक त्या बिचाऱ्याला कामावर घेणार नाही. म्हणून नवऱ्याच्या मोबाईलमध्ये तो 'दूधवाला'.

मला हे ठाऊक नव्हतं. एकदा नवरा आंघोळीला गेलेला असताना 'दूधवाला'चा फोन मीच उचलला. "उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाका हं!"

पलीकडून नुसतं "बरं."

सकाळी खलाशी पुढच्या दारात, दुधाची पिशवी घेऊन. "वहिनी, ह्याचा अर्थ काय समजायचा?"

*

दारात आलेला माणूस चहाशिवाय जाता कामा नये, हा सासूबाईंचा नियम.

"कुठचा रे तू? वाडी कुठची? आई कुणाकडची?"

कप रिकामा व्हायच्या आत त्याची मावशी सासूबाईंच्या माहेरची शेजारीण निघाली! नवरा कपाळाला हात लावून बसला.

*

संपादकांनी बातमीत घातलं, 'बोटीवरील एका प्रामाणिक खलाशाने सांगितले.'

नवरा फोनवर ओरडला, "साहेब, 'प्रामाणिक' काढा! त्या बोटीवर तो एकच आहे!"

*

बातमी छापून आल्यावर पोलीस स्टेशनमधून बोलावणं.

"कोणी सांगितलं, नाव द्या."

"आम्ही सूत्रांची नावं देत नाही."

"तसा कायदा दाखवा."

नवरा घरी येऊन मोबाईलमध्ये कायदा शोधत बसला. कोर्टाने विचारलं तर नाव सांगायलाच नको, असं ठामपणे म्हणणारं कलम काही सापडेना.

"मग त्या माणसाला वाचवणार कोण?" मी विचारलं.

"आपली तोंडं."

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. स्पीकरवर!

*

दोन दिवसांनी बोटीचे मालकच घरी. नवरा बाहेर गेलेला.

"काकू, माझा एक खलाशी तुमच्याकडे येऊन गेला म्हणे?"

सासूबाईंच्या पोटात काही राहत नाही, हे आख्ख्या आळीला ठाऊक. मी चहाचा ट्रे घेऊन घाईघाईने पुढे झाले.

"आला होता की. ओळखीतला आहे आमच्या."

"बातमी त्यानेच दिली ना?"

"तो कशाला देतोय? मी दिली."

मालक हसले. "तुम्ही? तुम्हाला हो बोटीवरचं काय कळणार?"

सासूबाईंनी माझ्या ट्रेमधला कप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "बोटीवरचं राहू दे. तुमच्या घरातलंसुद्धा कळतं. बसा, सांगते."

मालक बसले नाहीत.